मँगॅनीजबाधा, वेल्डरांमधील

श्वासावाटे दीर्घकाळ आत गेलेले मँगॅनीज मेंदूच्या तळाकडील केंद्रकांत साचून होणारा विकार. याला मँगॅनिझम असेही म्हणतात. 1837 मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगॅनीज डायऑक्साइड दळणाऱ्या पाच कामगारांत त्याची पहिली नोंद केली. पायांतले बळ जाणे, पुढे झोक जाणे, आवाज क्षीण होणे आणि लाळ गळणे ही लक्षणे त्यांनी टिपली. पुढे चिलीतील खाणकामगारांत अनावर हसू-रडू, भास आणि आक्रमकता आढळल्याने तिथे या रोगाला ‘मँगॅनीजचे वेड’ म्हणू लागले. आज त्याची चर्चा मुख्यतः वेल्डरांच्या संदर्भात होते.

पोलादात मँगॅनीज मजबुतीसाठी मिसळतात. साध्या पोलादात त्याचे प्रमाण बहुधा दीड टक्क्याच्या आत असते, तर रुळांचे सांधे व खडीयंत्रांचे जबडे ज्यापासून करतात त्या हॅडफील्ड पोलादात ते 11 ते 14 टक्के असते. मात्र धोका धातूतील टक्केवारीवरून ओळखता येत नाही. मँगॅनीज सुमारे 2,060° से. तापमानाला उकळते, लोखंड सुमारे 2,860° से. ला. त्यामुळे आर्कच्या उष्णतेत मँगॅनीजची वाफ अधिक सहज होते आणि धुरातील त्याचा वाटा मूळ धातूतल्यापेक्षा वाढतो. रॉडवरच्या लेपातूनही त्याची भर पडते. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की ते फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. हातात धरलेली काळी काच डोळे वाचवते. धूर तिच्या कडेने नाकात जातो, आणि वाकून काम करणाऱ्याचे डोके तर नेमके त्या धुराच्या वाटेतच असते.

अन्नातील मँगॅनीज शरीराला हवेच असते. आतड्यांतून त्याचा जेमतेम काही टक्के भाग शोषला जातो आणि जादा भाग यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. फुप्फुसांतून रक्तात आलेले मँगॅनीज मात्र यकृताची ही पहिली चाळणी चुकवून मेंदूकडे जाते. ते विशेषतः ग्लोबस पॅलिडस या केंद्रकात साचते. मँगॅनीजच्या चुंबकीय गुणधर्मामुळे हा भाग एमआरआयच्या विशिष्ट चित्रांत उजळ दिसतो. संपर्क थांबल्यावर हा उजळपणा काही महिन्यांत ओसरतो, पण लक्षणे तशीच राहू शकतात किंवा वाढतही जातात. म्हणून नोकरी सोडून गेलेल्या कामगाराचा स्वच्छ एमआरआय हा त्याला बाधा झाली नसल्याचा पुरावा धरणे चूक आहे. रक्तातील पातळीही जुन्या संपर्काबद्दल फारसे सांगत नाही.

सुरुवात चिडचिड, निद्रानाश, विसराळूपणा आणि कामातली मंदगती यांनी होते. घरच्यांना स्वभाव बदलल्याचे आधी जाणवते, आजार नंतर. पुढे चेहरा भावशून्य होतो, अक्षर बारीक होत जाते, मागे पाऊल टाकताना तोल जातो. काही रुग्ण कोपर वाकवून, चवड्यांवर चालतात. पार्किन्सनच्या आजाराशी साम्य असले तरी हा विकार वेगळा आहे. यात विश्रांतीतला कंप कमी दिसतो आणि लेव्होडोपा या औषधाचा टिकाऊ उपयोग क्वचितच होतो. डेन्मार्क आणि स्वीडनमधील मोठ्या पाहण्यांत वेल्डरांना पार्किन्सनचा आजार अधिक होतो असे आढळले नाही. त्यावरून वेल्डिंगचा धूर मेंदूला निरुपद्रवी ठरवणे मात्र गैर आहे, कारण त्या पाहण्यांनी मोजला तो दुसराच रोग. ब्रॅड रॅसेट यांच्या गटाने अमेरिकेतील 886 वेल्डिंग-कामगारांचा पाठपुरावा करून 2017 मध्ये निष्कर्ष मांडले: साठत गेलेल्या मँगॅनीजच्या प्रमाणात हालचालींतील दोष वाढत जातात. सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड पुलाच्या बांधकामावर बंदिस्त जागेत काम केलेल्या वेल्डरांतही स्मृती, मनःस्थिती आणि हालचालींचे विकार नोंदले गेले.

अमेरिकेतील कायदेशीर कमाल मर्यादा घनमीटर हवेत 5 मिग्रॅ. आहे. तेथीलच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एका प्रमुख संघटनेने 2013 मध्ये फुप्फुसांत खोल जाणाऱ्या कणांसाठी 0.02 मिग्रॅ. ही सरासरी मर्यादा सुचवली. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी असली तरी ही तफावत समर्थनीय नाही. भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत मँगॅनीजची विषबाधा कळवण्याजोगा रोग म्हणून समाविष्ट झाली. पण रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत ग्रिल आणि शटर जोडणारे अनेकजण कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत.

मँगॅनीज बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधांनी काहींना आराम पडतो, पण झालेली हानी सहसा भरून येत नाही. त्यामुळे भर प्रतिबंधावर असतो: आर्कजवळच धूर ओढून घेणारी नळी, टाकी किंवा जहाजाच्या कप्प्यात काम करताना बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, आणि कमी धूर सोडणारे रॉड. तोंडाला बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवू शकत नाही.