स्थानिक इतिहास-कला कार्यशाळा, ग्रंथालयीन (पुसद परिसर)

सार्वजनिक ग्रंथालयात गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या परिसराचा इतिहास चित्र, नकाशा, शिवणकाम किंवा मातीकाम यांतून मांडण्याचा उपक्रम. इतिहासाचे साहित्य सहभागी माणसेच आणतात. ग्रंथालय त्याला नाव, गाव, साल लावून जपते. पुसदच्या (जि. यवतमाळ) संदर्भात या नोंदीत बंजारा कशिद्याला अधिक जागा दिली आहे, कारण छापील साधने ज्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलतात त्या स्त्रियांचा इतिहास त्यात आहे.

पूर्वपीठिका : मराठी मुलखातील जुनी वाचनालये केवळ पुस्तके देण्यापुरती नव्हती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. नाशिकच्या संस्थेने वस्तुसंग्रहालयही उभारले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यानंतर ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी रूढ झाली. ती मुख्यतः छापील संग्रहावर बेतलेली असल्याने हस्तकामाला तीत फारसे स्थान उरले नाही.

परिसर : पुसद पूस नदीकाठी आहे. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात होता. म्हणून त्यापूर्वीची सरकारी माहिती यवतमाळऐवजी वाशीमच्या नावाखाली शोधावी लागते. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईक (मुख्यमंत्री, १९९१–९३) हेही याच घराण्यातले. बंजारा समाजातील या दोघांविषयी छापील मजकूर सहज मिळतो. त्याच समाजाच्या तांड्यांतील (वस्त्यांतील) स्त्रियांनी काय शिवले, कोणासाठी शिवले, याची नोंद मात्र शोधावी लागते.

बंजारा कशिदा : बंजाऱ्यांच्या मूळ स्थानाविषयी मतभेद आहेत, राजस्थानचा उल्लेख अधिक होतो. बैलांवर धान्य-मीठ लादून दूरवर नेण्याचा, म्हणजे लदेणीचा त्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात सडका आणि रेल्वेमुळे मोडला आणि तांडे शेतीकडे वळून स्थिरावले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच काही भागांत त्यांनाही सोसावा लागला. गुन्हेगारीचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला.

बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. याच बोलीत फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि टुकरी (ओढणी) म्हटल्या जाणाऱ्या कपड्यांवरचे काम दाट टाक्यांचे असते. त्यात आरसे, कवड्या, नाणी बसवलेली असतात. बलिया, टोपली, भुरिया, हासली हे दागिने याच पेहरावाचा भाग. डोक्यावरून पाणी आणताना मागे सोडायचा गळणो कवड्यांनी भरतात. हा रोजच्या कष्टाच्या वापराचा कपडा. त्यावर एवढी मेहनत घेतलेली पाहिली म्हणजे कशिद्याला निव्वळ सणाची सजावट म्हणणे किती अपुरे आहे ते कळते.

कर्नाटकातील सांडूरच्या लंबाणी (बंजारा) कशिद्याला भौगोलिक मानांकन आहे. तेथील किलन, वेले, मकी, रेलो ही टाक्यांची नावे दस्तऐवजात आली आहेत. ती पुसदच्या कामाला जशीच्या तशी चिकटवू नयेत. टाका घालणाऱ्या बाईने सांगितलेले नाव, तिच्या तांड्याच्या नावासह लिहावे.

पद्धत : घरातील जुना कपडा पाहून त्यामागची हकिगत ध्वनिमुद्रित करणे, तांड्याचा नकाशा जमिनीवर आखणे, मग एकेक प्रसंग कापडाच्या तुकड्यावर उतरवून तुकडे जोडणे असा क्रम सोयीचा ठरतो. जुन्या कपड्याला कात्री लावू नये. असे काम अन्यत्र झाले आहे : दक्षिण आफ्रिकेत किस्कामा परिसरातील स्त्रियांनी ईस्टर्न केपचा इतिहास सुमारे १२० मीटर लांब भरतकामात मांडला; तो तेथील संसदेत लावला गेला. पुसदच्या तांड्यांतही विषयांची वाण नाही : लदेणीची वाट, तांड्याचे स्थिरावणे, जंगलाचा हक्क, कापसाचा हंगाम.

मातीकाम व भित्तिचित्रे : शाळकरी मुलांसाठी उपयुक्त.

संग्रहालये : पोहरादेवी (जि. वाशीम) येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मोठे संग्रहालय समाजाचे एकत्रित चित्र देते. कपड्याच्या मालकिणीचे नाव, तिची बोली आणि तिने सांगितलेला प्रसंग जपण्याचे काम गावच्या ग्रंथालयाला अधिक चांगले जमू शकते. त्यासाठी दाखल-नोंदवहीत ग्रंथांबरोबर कापडांसाठी स्वतंत्र रकाना हवा.

जतन : आरशांचे कापड सपाट ठेवावे, घडी टळत नसेल तर घडीत सुती कापड भरावे. उन्हात टांगू नये. जुन्या नाण्यांचा गंज कापडाला डाग पाडतो, म्हणून नाण्याखाली पातळ सुती तुकडा सरकवावा. नाणे मात्र उसवू नये.