गुणवत्ता यादीत कॉलेजचं नाव नसतं

दहावीचा निकाल लागला की तेल्हाऱ्यात टीसी काढायची घाई सुरू होते. डॉक्टर व्हायचं तर अकोला गाठा, जमलं तर लातूर, ऐपत असेल तर कोटा. इथं बारावी केली की संपलं, हे मत इतकं रुजलं आहे की त्यापायी वावर गहाण पडतं. हे मत दोन आधारांवर उभं आहे आणि दोन्ही कच्चे आहेत.

पहिला आधार असा, की नावाजलेल्या कॉलेजला प्रवेशाच्या वेळी वजन मिळतं. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणवत्तेवर होतो. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की पात्रता झाली. गुणवत्ता क्रमात ते गुण पुन्हा येत नाहीत. दोघांचे नीटचे गुण सारखे आले, तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. कॉलेज कोणतं, हे कुठल्याच टप्प्यावर मोजत नाहीत.

बारावी कुठून केली याला महाराष्ट्रात एके काळी महत्त्व होतं, हे खरं. ७०:३० सूत्रानुसार ७० टक्के जागा त्या त्या विभागात बारावी केलेल्यांना मिळत. पण तेव्हाही मोजला जाई तो विभाग. लातूरला बारावी केलेलं वऱ्हाडातलं पोर विदर्भाच्या ७० टक्क्यांतून बाहेर पडे, म्हणजे नामांकित कॉलेज त्याला नडतच असे. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. आज जी अट उरली तीही घराच्याच बाजूची आहे: राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. कोटा शहरातल्या शाळेत बारावीचं नाव घालणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

दुसरा आधार निकालाच्या फ्लेक्सचा. त्यावर निवड झालेल्यांचे फोटो असतात. बसले किती, त्यातले दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातले किती, हे नसतं. शिवाय नामांकित कॉलेजात अकरावीला शिरायलाच दहावीचे घसघशीत गुण लागतात. निवडून घेतलेली हुशार मुलं पुढेही चमकली, तर ते सगळं श्रेय कॉलेजच्या खात्यावर कसं टाकता येईल? प्रयत्नांचं म्हणाल, तर तमिळनाडूत नीटचा परिणाम तपासणाऱ्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये आकडे मांडले. प्रवेश मिळवणाऱ्यांत रिपीटरचं प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होतं, ते २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेलं. एक वर्ष जास्त थांबण्याची ऐपत निकालावर किती परिणाम करते, हे त्यातून दिसतं.

मग अकोल्याला जाणारी मुलं उगाच जातात का? नाही. तिथं शिकवणी आहे, सराव परीक्षा आहेत, अडलं तर विचारायला माणूस आहे. पण कित्येकांचं नाव गावाकडच्या कॉलेजात असतं आणि मूल अकोल्यात खोली करून राहतं. फायदा शिकवणीचा होतो, कॉलेजचा नव्हे, हे त्या पालकांनी कृतीतूनच मान्य केलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: बदलायला हवं ते शिकवणं, आणि ते तेल्हाऱ्यात बदलता येतं. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९०, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, जीवशास्त्राचे. त्यांचा मुख्य आधार एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं. ती इंटरनेटवर मोफत मिळतात आणि परीक्षा मराठीतूनही देता येते. इथं गावातलं मूल मागे पडायचं कारण नाही. घोडं अडतं ते भौतिकशास्त्रापाशी. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा, अशा हिशेबात ४५ प्रश्न सोडवायचे, तर रोज गणितं करून घेणारा शिक्षक आणि वेळ लावून घेतलेल्या चाचण्याच लागतात.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम इथंही प्रत्येकी १०० जागांची शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. जागा घराजवळ आल्या, त्यांची तयारीही घराजवळ व्हायला हवी. नाहीतर खोलीभाडं आणि फी परवडणाऱ्यांचीच मुलं तिथं पोचतील आणि कोरडवाहू शेतकऱ्याची हुशार लेक दहावीनंतरच डॉक्टरकीचं नाव काढायचं सोडेल. टीसी काढायच्या आधी पालकांनी एकत्र येऊन गावच्या कॉलेजला विचारावं: भौतिकशास्त्राचा तास रोज होतो का, आणि होत नसेल तर तो कधीपासून होणार?