युद्धाने जन्माला घातलेली कर्जमर्यादा

अमेरिकेचे सरकारी कर्ज कायद्याने ठरवलेल्या मर्यादेला टेकले, की वॉशिंग्टनमध्ये एक ठरलेला खेळ सुरू होतो. विरोधी पक्ष उधळपट्टीच्या नावाने बोटे मोडतो, जगभरचे बाजार धास्तावतात, अखेरच्या घटकेला तडजोड होते आणि मर्यादा वाढते. सरकारी खर्चाला घातलेली वेसण म्हणून मिरवणारी ही तरतूद मुळात आली ती सरकारला कर्ज सहज काढता यावे म्हणून; आणि ते कर्ज होते युद्धासाठी.

कर्ज काढण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. १८९८चे स्पेनशी झालेले युद्ध असो की पनामा कालवा, रोखे कशासाठी काढायचे आणि किती रकमेचे, हे काँग्रेस त्या त्या वेळी मंजूर करी. युद्धाला होकार देणाऱ्यांना त्याच्या कर्जासाठीही वेगळा हात वर करावा लागे.

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि ही पद्धत अपुरी पडू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘दुसरा लिबर्टी बाँड कायदा’ झाला. रोख्यांच्या प्रकारांना काँग्रेसने कमाल रकमा आखून दिल्या. त्यांच्या आत तपशील ठरवायला अर्थखाते बरेचसे मोकळे झाले. अर्थमंत्री विल्यम मॅकॅडू यांनी हे रोखे घरोघरी पोहोचवले. चार्ली चॅप्लिन आणि मेरी पिकफर्ड यांच्यासारखे पडद्यावरचे तारे त्यांच्या विक्रीसाठी सभा गाजवत होते.

१९३९मध्ये या मर्यादा एकत्र करून एकूण कर्जाला ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा घालण्यात आली. दुसरे महायुद्ध संपेतो ती ३०० अब्जांवर गेली होती. १९४६मध्ये ती २७५ अब्जांवर आणली गेली आणि शांततेच्या काळात तिचा दुसरा उपयोग लक्षात आला. १९५३मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वाढ मागितली, तेव्हा सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने सिनेटच्या वित्त समितीने ती अडवून धरली. सरकारला शिल्लक सोन्याचा आधार घेऊन वेळ मारून न्यावी लागली. सोयीसाठी केलेली तरतूद अडवणुकीचे हत्यार झाली.

दरम्यान युद्धाचे पैसे उभे करण्याची रीतही बदलली. कोरियाच्या युद्धासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कर वाढवले. व्हिएतनामच्या खर्चामुळे जॉन्सन यांनाही १९६८मध्ये प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार लावावा लागला. मार्च २००३मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या आणि मे महिन्यात बुश यांनी करकपातीवर सही केली. अफगाणिस्तान आणि इराक, दोन्ही युद्धे मुख्यतः कर्जावर लढली गेली. मर्यादावाढीचे मतदान मात्र पक्षीय राजकारणाचा आखाडा राहिले. २००६मध्ये सिनेटर ओबामा यांनी वाढीविरुद्ध मत दिले. २०११मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून तशाच वाढीसाठी त्यांना रिपब्लिकनांशी झगडावे लागले. तडजोड झाली, तरी ‘स्टँडर्ड अँड पूअर्स’ने काही दिवसांतच अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले. त्या तडजोडीतून आलेल्या सरसकट कपातीची झळ २०१३मध्ये संरक्षणखात्यालाही लागली.

२०२३मध्ये ३१.४ लाख कोटी डॉलरची मर्यादा तात्पुरती गुंडाळून ठेवण्यात आली. जुलै २०२५च्या कायद्याने ती एकदम पाच लाख कोटींनी वाढवली. त्याच कायद्यात करकपात होती आणि लष्करासाठी वाढीव पैसाही. २०२४च्या आर्थिक वर्षात कर्जावरच्या व्याजाने संरक्षणखर्चाला मागे टाकले होते. मर्यादेने कर्जही रोखले नाही आणि युद्धही.

रोखणार तरी कसे? वाणसामान घरात आले, शिजले, खाऊन झाले आणि मग उधारीच्या वहीत किती लिहायचे यावर घरात वाद घालावा, तसा हा प्रकार आहे. मर्यादा आड येते तोवर खर्च मंजूर झालेला असतो, करही घटवलेले असतात. म्हणून ती उद्या रद्द झाली, तरी शिस्त बिघडेल असे नाही. १९१७मध्ये काँग्रेसने सोयीसाठी सोडून दिलेला प्रश्न त्याने सुटणार नाही, इतकेच: हे युद्ध करायचे, तर त्याचे पैसे कोण देणार? तो प्रश्न युद्धाच्या ठरावासोबत मताला टाकावा लागेल, आणि तसे मतदान कोणत्याच पक्षाला नको आहे.