वडा जाताना, चिक्की येताना: एका दिवसाच्या सहलीला इतिहासाचे प्रश्न विचारताना

लोणावळ्याला एका दिवसात जाऊन आलेल्या कुठल्याही मुंबईकराला विचारा, उत्तर जवळपास ठरलेलं असतं. जाताना कर्जतला वडा, वर गेल्यावर भुशी डॅम नाहीतर कार्ले-भाजे, मध्ये कुठेतरी भाजलेलं कणीस आणि येताना चिक्कीचे दोन-चार पुडे. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. वडा जाताना आणि चिक्की येताना, हा क्रम कुणी ठरवला?

'हा काय पीएचडीचा विषय झाला का' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकायला मिळतं. ऐकून घ्यायचं आणि कामाला लागायचं.

वड्यापासून सुरुवात करू. कर्जतच्या पुढे बोरघाट सुरू होतो आणि तिथे रुळांचा चढ काही ठिकाणी ३७ ला १ इतका आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. हा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. ती जोडायला गाडी कर्जतला थांबवावीच लागते, मग तिथे उतरणारं कुणी असो वा नसो. आता विचार करा, थोडी मिनिटं थांबलेली भरलेली गाडी, खिडकीतून बाहेर आलेला हात आणि गाडी सुटायच्या आत सुट्टे पैसे परत करायची घाई. अशा जागी काय विकलं जाईल? जे आधीच तळून तयार आहे, कागदात गुंडाळून एका हातात मावतं आणि ज्याला ताट-वाटी लागत नाही ते. कर्जतच्या वड्याचा इतिहास लिहायला बसलात तर पाककृती नंतर शोधा, आधी रेल्वेचं वेळापत्रक आणि घाटाचा नकाशा काढा. (वड्यातला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून आलाय, पण ते प्रकरण वेगळं. तिकडे वळलात तर प्रबंध दहा वर्षं चालेल.)

हा तर्क उलट बाजूनेही तपासता येतो. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि सहलीला जाणारा मोठा वर्ग मोटारीने थेट वर जाऊ लागला. मोटारीला बँकर लागत नाही, त्यामुळे कर्जतला थांबायचं कारणच उरत नाही. या लोकांचं खाणं फूड मॉलमध्ये गेलं. तिथेही वडा मिळतोच, पण तो बशीत येतो आणि गाडी सुटायची भीती नसते.

चिक्कीचं गणित निराळं आहे. ती गरम खायची नसते, दिवसेंदिवस टिकते, पिशवीत सांडत नाही. आणि मुख्य म्हणजे, ती सहलीला न आलेल्या माणसांसाठी घेतली जाते: घरचे, शेजारी, ऑफिसातले. म्हणजे चिक्कीच्या धंद्याला नुसता भुकेला प्रवासी पुरत नाही, परत जाणारा प्रवासी लागतो. म्हणून सुट्टीला येऊन परत जाणारा हा वर्ग कधी तयार झाला ते पाहावं लागतं. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी सुरुवातीला शनिवार-रविवारच्या प्रवाशांसाठी होती, हा त्यातला एक चांगला धागा आहे. त्याआधीचं लोणावळं जुन्या गॅझेटियरमध्ये वाचा. तिथे रेल्वेचा कारखाना, रेल्वेची शाळा, चर्च, फ्रीमेसन लॉज असं सगळं भेटतं. ते गाव आधी रेल्वेच्या नोकरदारांचं होतं.

आता खरी अडचण. लोणावळ्यात चिक्कीची एक जन्मकथा सांगतात. घाटात रेल्वेचं काम चाललं होतं, मजुरांना ताकद यावी म्हणून कुणीतरी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकायला लागलं आणि तिचीच पुढे चिक्की झाली. गोष्ट छान आहे. तिला खोटं ठरवायची घाई करू नका, फक्त तिला साल विचारा. घाटातलं पहिलं मोठं काम १८५६ ला सुरू झालं आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. मधली काही वर्षं तर गंमतच होती. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली होती, खालून खोपोलीपर्यंत रूळ आले होते, पण मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून चढत. तेव्हा गोष्ट १८६३ च्या आधीची असेल तर ती बोगदे खोदणाऱ्यांची आहे. नंतरची असेल तर 'रेल्वेचं काम' म्हणजे नेमकं कुठलं काम, हे सांगावं लागेल.

आणि ते मजूर कोण होते? इयान कर या इतिहासकाराने भारतातल्या रेल्वे बांधणीवर लिहिलंय, ते वाचाच. जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटातल्या मजुरांनी थकलेल्या मजुरीवरून दंगा केला. त्यानंतर फॅव्हिएल या ठेकेदाराने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि ठेका त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे नेला. काम करणारे हजारो लोक होते आणि रोगराईने त्यातले कितीतरी गेले. चिक्कीच्या गोष्टीतला मजूर खिशात पैसे असलेलं गिऱ्हाईक आहे, कागदपत्रांतला मजूर अडकलेले पैसे मागतोय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण दुकानात ऐकलेली गोष्ट तशीच प्रबंधात उतरवलीत तर दुसरा मजूर तुमच्या पानावर येणारच नाही, आणि परीक्षकाने ते पकडलं नाही तरी नुकसान व्हायचं ते होतंच.

म्हणून जन्मकथा दोनदा वाचायची. एकदा 'असं घडलं का' म्हणून आणि एकदा 'हे कोण, कधीपासून, कुणाला सांगतंय' म्हणून. माझ्या अनुभवात दुसरं वाचन जास्त हाती देतं.

सहल हा शब्दही जरा सांभाळून वापरा. कार्ल्याला इंग्रज प्रवासी वही-पेन्सिल घेऊन आले (लॉर्ड व्हॅलेंशिया १८०४ मध्ये आला होता), त्यांची प्रवासवर्णनं छापली गेली, म्हणून ती आपल्याला सहज सापडतात. त्याच डोंगरावर कोळी बांधव चैत्रात एकवीरा आईला येतात. तेही प्रवास करतात, वाटेत जेवण रांधतात, खरेदी करतात. आणि लेण्यातल्या शिलालेखांत धेनुकाकट, वैजयंती अशा गावच्या दात्यांची नावं आहेतच. 'पर्यटनाचा इतिहास' १८६३ पासून सुरू केलात, तर एवढी माणसं का वगळली हे लिहावं लागेल.

अभिलेखागारात रेल्वेचे खंड चाळायला जालच, पण त्याआधी मे महिन्यात एक दिवस कर्जत-खंडाळा भागात काढा. स्टेशनबाहेर, घाटरस्त्याच्या कडेला कातकरी आणि ठाकर बाया पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतात. या खाण्याला पाटी नाही, स्थापना-वर्ष नाही, जन्मकथाही नाही. आधी द्रोण विकत घ्या, मग बोला. कुठल्या वाडीवरून आलात मावशी, किती वाजता निघालात, कुठल्या गाडीने, द्रुतगती मार्ग झाल्यावर गिऱ्हाईक कुठे गेलं, बसायला कोण हटकतं? उत्तरं त्याच दिवशी, घरी परतायच्या आत वहीत उतरवा. आणि त्यांचं नाव लिहायचं की नाही, ते त्यांनाच विचारा.