राजीनामा, सूचनेची मुदत आणि भिलाईचे कामगार
भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. राजीनाम्याचे नियम त्याआधीचे. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा. तेव्हा केंद्रात श्रमखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्याखालील केंद्रीय नमुना आदेशांनुसार मासिक पगाराच्या कायम कामगाराने एक महिन्याची, इतर कायम कामगारांनी दोन आठवड्यांची लेखी सूचना द्यायची. मालकावरही हेच बंधन होते, हे विद्यार्थी सहसा विसरतात. सूचनेऐवजी तेवढ्या मुदतीचा पगार देता येई. मुदत कमी करण्याची बोलणी आजही बहुधा याच पर्यायाभोवती फिरते.

तात्पुरत्या आणि बदली कामगारांना मात्र सूचनेचा हक्क नव्हता. ते केव्हाही सुटू शकत; खरे तर केव्हाही काढले जात. १९९० च्या सुमारास शंकर गुहा नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगार संघटित केले, तेव्हा कायम नोकरी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.