लंडनमधील साताऱ्याचा वकील

पेशवाई बुडाल्यावर साऱ्या मराठी मुलखाला कंपनीचा अंमल एकदम रुचणार नाहीं, हें ओळखून एल्फिन्स्टननें साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांचें नवें राज्य उभें केलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहांत महाराजांबरोबर त्यांच्या वारसांचा व उत्तराधिकाऱ्यांचाहि उल्लेख होता. परंतु रेसिडेंटाच्या मार्फतीवांचून बाहेरच्या कोणाशींहि बोलणें करूं नये, असें त्याच तहाचें पांचवें कलम होतें. राज्य दिलें खरें, पण राजाचें तोंड बांधून! रंगो बापूजी गुप्ते यांची सारी वकिली या कलमाशीं झुंजण्यांत गेली.

पुढें महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशीं खलबत, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान आणि कंपनीच्या शिपायांत फितुरी असे आरोप आले. दोष कबूल केल्याच्या कागदावर सही केल्यास गादी राहील, असें गव्हर्नर कारनॅक यांनीं सुचविलें. महाराजांनीं सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें व बंधु शहाजी गादीवर बसले.

धन्याची फिर्याद घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेले. संचालक मंडळाचें म्हणणें एकच: अर्ज मुंबई सरकारमार्फत यावा. म्हणजे ज्यानें शिक्षा केली, त्यानेंच अपील पुढें पाठवावें! दुसरा कोणी असता तर परतला असता. रंगो बापूजींनीं कंपनीच्या भागीदारांची सभा व पार्लमेंट हे दरवाजे ठोठावले. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्प्सन त्यांच्या बाजूनें बोलले. सर्वांत वजनदार साक्ष जनरल लॉडविक यांची म्हणावी लागेल. साताऱ्याचे हे माजी रेसिडेंट १८३६ च्या गुप्त चौकशींत स्वतः बसले होते. तेच आतां महाराजांचा पक्ष घेऊन उभे राहिले. तरीहि खुली चौकशी मिळाली नाहीं.

१८४७ सालीं महाराज काशीस वारले, १८४८ सालीं शहाजीहि. दोघांनींहि दत्तक घेतले होते. आतां वाद गादीवरील व्यक्तीचा नसून राज्याच्या अस्तित्वाचा झाला, आणि सारें ओझें ‘उत्तराधिकारी’ या शब्दावर आलें. त्या शब्दांत दत्तक येतो, असें मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेंहि मत होतें. डलहौसीनें तें मानलें नाहीं. राज्य खालसा झालें. रंगो बापूजी मात्र दत्तकाच्या हक्कासाठीं १८५३ पर्यंत लंडनमध्येंच झगडत राहिले आणि मग रिकाम्या हातीं परतले.

१८५७ सालीं त्यांच्यावर साताऱ्यांत उठावाच्या कटाचा आरोप आला. ८ सप्टेंबर रोजीं गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झालें. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले, ते सरकारच्या हातीं कधींच लागले नाहींत.