आकाश काळं कसं झालं?

एकोणिसाव्या शतकातले जुने फोटो बघताना एक गोष्ट लक्षात आलीय का? त्यात ढग फारसे नसतातच, आकाश म्हणजे नुसता कोरा कागद. तेव्हा ढग नव्हते असं नाही :) त्या काळच्या प्लेटला मुख्यतः निळाच प्रकाश दिसायचा, त्यामुळे निळं आकाश आणि पांढरा ढग तिच्या लेखी सारखेच. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रेने १८५० च्या दशकात यावर चक्क जुगाड केला. समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी आणि प्रिंट एकच!

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला सापडलं की इमल्शनमध्ये ठरावीक रंगद्रव्य घातलं तर प्लेटला हिरवाही दिसतो. ही ऑर्थोक्रोमॅटिकची सुरुवात. लाल मात्र अजूनही दिसत नव्हता. सगळे रंग बघणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइटने १९०६ मध्ये विकायला काढली. फिल्टरही तेच बनवायचे. १९१२ मध्ये कोडॅकने ती कंपनी घेतली, पण फिल्टरचे रॅटन नंबर आजही चालतात.

आता १० एप्रिल १९२७. कॅलिफोर्नियातलं योसेमिटी, समोर हाफ डोमचा सरळसोट कडा. पंचवीस वर्षांचा अॅन्सेल अॅडम्स काचेच्या प्लेटांचं ओझं घेऊन वर चढलेला, आणि शिल्लक फक्त दोन प्लेटा. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून काढली. मग त्याला जाणवलं, हे बरोबर येईल, पण मला वाटतंय तसं येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल, २९ नंबरचा फिल्टर लावला. हा इतका प्रकाश खातो की एक्स्पोजर सोळापट वाढवावं लागतं. पाच सेकंद शटर उघडं. वारा आला असता तर संपलंच होतं!

लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं झालं. सावल्यांमध्येही आकाशाचाच निळा उजेड असतो, त्यामुळे त्याही खोल गेल्या. कड्याचा ग्रॅनाइट करडा आणि त्यावर ऊन, म्हणून तो आणि बर्फ तेवढे उजळ राहिले.

या फोटोचं श्रेय सगळे फिल्टरला देतात. माझ्या मते अर्धं श्रेय त्या प्लेटचं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सी आहे. हाच फिल्टर ऑर्थो प्लेटवर लावला असता तर निगेटिव्हवर काहीच उमटलं नसतं. इलफर्डची ऑर्थो प्लस फिल्म वापरणार असाल तर लाल फिल्टर घरीच ठेवा. एचपी५ वर खुशाल लावा, फक्त ट्रायपॉड न्या.